द्यूताध्यक्षाची खुर्ची

जुगार हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक हस्तिनापूरच्या सभेचे, जे आपण लहानपणी बैठकेत आणि कीर्तनात ऐकले. दुसरे पोर्ट लुईच्या शाँ द मार्सचे, जे आपल्यापैकी पुष्कळांनी शनिवारी प्रत्यक्ष पाहिले आहे. पहिल्या चित्रातला शकुनी आपल्याला ठाऊक आहे, हरणारा धर्मराजही ठाऊक आहे. दुसऱ्यातले घोडे, जॉकी आणि बुकी तर आपल्या पोरांना पाठ असतात. पण खेळावर नजर कोणी ठेवायची, खोटा फासा कोणी ओळखायचा, आणि हरत चाललेल्या माणसाला "आता पुरे, घरी जा" असे कोणी सांगायचे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. हस्तिनापुरात तसा माणूसच नव्हता. उंच आसनावर धृतराष्ट्र बसला होता, पण पुन्हा पुन्हा "जिंकले का?" म्हणून विचारणारा तो एका बाजूचा बाप होता. भीष्म, द्रोण, विदुर हे थोर खरे, पण खेळ थांबवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती नव्हता.

असा अधिकार हाती असलेल्या सरकारी माणसाला आपल्या जुन्या ग्रंथांत एक नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याला द्यूताध्यक्ष म्हटले आहे. जुगार एकाच ठरलेल्या ठिकाणी चालावा, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पणांचा दंड व्हावा, फासे आणि कवड्या या अध्यक्षाने स्वतः शुद्ध पुरवाव्यात, हातचलाखीने त्या बदलणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारने घ्यावेत, अशी ती सगळी व्यवस्था आहे. फाशांचे भाडे आणि जागेचे भाडे वेगळे. पाण्याचेसुद्धा पैसे लावले आहेत! एकाच ठिकाणी खेळवण्याचे कारणही कौटिल्याने लपवलेले नाही. लपून उपजीविका करणारे चोर-लफंगे तिथे आपोआप सापडतात, हे ते कारण. याज्ञवल्क्याचे मत साधारण असेच आहे. मनूने मात्र जुगार राज्यातून हद्दपारच करावा असे राजाला सांगितले. म्हणजे बंदी घालायची की देखरेखीखाली चालू द्यायचे, हा वाद आपल्याकडे दोन हजार वर्षांचा आहे, आणि तो मिटलेला नाही.

आज हे सांगण्याचे कारण कतार. आपल्या बेटावरची काही मुले आखाती देशांत हॉटेलात, विमान कंपन्यांत, बांधकामावर नोकरीला आहेत. भारतातून तिकडे गेलेली मराठी कुटुंबे तर दोह्यात पुष्कळ. या कतारने मनूचा मार्ग धरला आहे. कुराणात मद्याबरोबर 'मैसिर' म्हणजे जुगार निषिद्ध मानला आहे. कतारच्या राज्यघटनेत शरियत हा कायद्याचा एक प्रमुख आधार आहे, आणि २००४ च्या दंडसंहितेत जुगार हा गुन्हा आहे. खेळणाराही गुन्हेगार आणि अड्डा चालवणाराही गुन्हेगार. तिथे कॅसिनो नाही, सरकारी लॉटरी नाही, बुकीची टपरी नाही. साहजिकच द्यूताध्यक्षही नाही. जी गोष्ट कायद्याने अस्तित्वातच नाही तिच्यावर अध्यक्ष कशाला नेमायचा?

आता यातली गंमत पाहा. घोड्यांच्या शर्यतीत आपण मॉरिशसवाले स्वतःला कमी समजत नाही, १८१२ पासूनचे मैदान आपले. पण कतारही घोड्यांमागे तितकाच वेडा आहे. अल रय्यान येथे त्यांचे शर्यतीचे मैदान आहे, अमीराच्या तलवारीची शर्यत मोठ्या थाटाने होते, हजारो लोक जमतात. कोणी एक रियालसुद्धा लावीत नाही. शर्यत संपली की घोड्याची चर्चा करीत लोक घरी जातात. शनिवारी संध्याकाळी आपल्या बसमध्ये जी चर्चा होते तिच्याशी हिची तुलना करून पाहावी. परंतु याच कतारचे नाव २००८ पासून पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावरच्या आर्क द त्रियोंफ या शर्यतीला लागले, आणि २०१५ पासून इंग्लंडच्या गुडवुड महोत्सवाला. त्या दोन्ही ठिकाणी खिडक्यांवर पैसे लावणाऱ्यांची रीघ असते. घरात निषिद्ध आणि परदेशी पाटीवर नाव, याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. मला तो ढोंगीपणा वाटत नाही. पण सोय वाटते.

जुगाराचे जग केवढे पसरले आहे याची दोह्याला कल्पना नाही, असेही नाही. खेळातल्या सुरक्षिततेवर काम करणारे एक आंतरराष्ट्रीय केंद्र दोह्यातच आहे. त्या केंद्राने पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाबरोबर २०१४ मध्ये एक अहवाल काढला. जगभर खेळांवर लागणाऱ्या पैशांपैकी शेकडा ८० टक्के बेकायदा मार्गाने लागतात, आणि या मार्गाने वर्षाला १४० अब्ज डॉलर काळ्याचे पांढरे होतात, असा अंदाज त्यात दिला होता. अंदाज अंदाजच असतो, बेकायदा धंद्याच्या वह्या कोणी दाखवत नाही. पण ज्या शहरात पैजेला बंदी, त्याच शहरातून हा आकडा जगाला सांगितला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता कतारच्या शेजारी या. संयुक्त अरब अमिरातीतही धर्म तोच, शेखांची राजवट तशीच, कामाला येणारे लोकही तेच. तरी तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये एक केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या पाटीवर जुगार हा शब्द नाही. 'व्यापारी खेळ' असे सोज्वळ नाव दिले आहे. (नावे बदलण्यात सगळी सरकारे हुशार असतात.) जुलै २०२४ मध्ये त्याने एका कंपनीला लॉटरीचा परवाना दिला, आणि डिसेंबरात पहिली सोडत निघाली, सर्वांत मोठे बक्षीस १० कोटी दिरहमांचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रास अल खैमा येथे समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर उभ्या राहणाऱ्या विन कंपनीच्या हॉटेलाला जुगारगृहाचा पहिला परवाना मिळाला. दोह्यातून विमानाने तास-सव्वा तासाचा हा प्रदेश.

हे प्राधिकरण उभे करताना अमिरातीने खुर्चीवर दोन अमेरिकन बसवले. त्यांची निवड पाहिली की या क्षेत्रातल्या सरकारी कारकिर्दीचे सारे प्रश्न एकदम समोर येतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणून जिम मरेन यांना नेमले. हे २०२० पर्यंत लास वेगासच्या एम.जी.एम. रिसॉर्ट्स या प्रचंड कॅसिनो कंपनीचे प्रमुख होते. म्हणजे घराच्या बाजूने बसलेला माणूस. रोजचा कारभार पाहायला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणले केव्हिन मुलाली यांना. त्यांची वाट वेगळी होती, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते त्या वाटेवर आहे.

मुलाली मिसूरी राज्याच्या जुगार आयोगात होते आणि पुढे त्याचे कार्यकारी संचालक झाले. मिसूरी म्हणजे अमेरिकेच्या मधोमध, दोन मोठ्या नद्यांच्या काठचा मुलूख. तिथल्या मतदारांनी १९९२ मध्ये नदीवरच्या बोटींत जुगाराला संमती दिली, आणि १९९४ मध्ये पहिल्या बोटी सुरू झाल्या. गोव्याच्या मांडवीत आज जे दिसते त्याचाच हा थोरला भाऊ म्हणायचा. लोकांना धास्ती होती, म्हणून कायद्यात एक विलक्षण अट घातली गेली: दोन तासांच्या एका फेरीत कोणीही ५०० डॉलरपेक्षा जास्त हरू शकत नाही. प्रत्येक खेळणाऱ्याला कार्ड घ्यावे लागे आणि त्यावर हिशेब राही. कंपन्यांना ही अट काट्यासारखी टोचत होती. अखेर २००८ मध्ये कंपन्यांच्या पैशावर मोठा प्रचार झाला, आणि मतदारांनीच ती अट काढून टाकली. धंदा थांबत नाही, थकत नाही, दहा-पंधरा वर्षे वाट पाहतो. सरकारी अधिकारी तोवर बदलून जातो.

पण मिसूरीची दुसरी एक गोष्ट टिकली. नोव्हेंबर १९९६ मध्ये आयोगाने एक यादी उघडली. जुगाराचे व्यसन लागलेला माणूस स्वतः आयोगापुढे येऊन सही करतो की मला यापुढे या राज्यातल्या कोणत्याही जुगारगृहात घेऊ नका. त्याचे नाव यादीत गेले की कंपन्यांनी त्याला आमंत्रणे पाठवायची नाहीत, त्याचे चेक वटवायचे नाहीत, त्याला सभासद करून घ्यायचे नाही. तरीही तो आत सापडला तर अनधिकाराने प्रवेश केल्याबद्दल त्याला पकडायचे, आणि जिंकलेले त्याच्या हाती द्यायचे नाही. प्रथम ही सही जन्मभराची होती. अमेरिकेतली या प्रकारची ही पहिली राज्यव्यापी योजना समजली जाते, आणि ती उभी करण्यात पुढाकार घेतला ही गोष्ट मुलाली यांच्या परिचयात नेहमी सांगितली जाते.

मला विचाराल तर कोणत्याही द्यूताध्यक्षाच्या कारकिर्दीत पाहायचे ते हेच. त्याने किती परवाने दिले, तिजोरीत किती कर जमा केला, किती परिषदांत भाषणे केली, हे पाहू नये. ज्याने घराचे उत्पन्न कमी होईल असा एखादा तरी नियम त्याने स्वतःहून केला का, हे पाहावे. या धंद्यात एक कटू सत्य आहे. सगळ्यांत जास्त पैसा देणारा गिऱ्हाईक हा मौजेखातर महिन्यातून एकदा येणारा नसतो. जो थांबू शकत नाही तोच सर्वांत मोठे गिऱ्हाईक असतो. त्याला दारातून परत पाठवणे म्हणजे दुकानदाराचा सर्वांत चांगला ग्राहक तोडणे. कोणताही दुकानदार ते आपणहून करणार नाही. म्हणून तिथे सरकारी खुर्ची लागते, आणि ज्याला ती खुर्ची सोडल्यावर त्याच दुकानात नोकरी नको आहे असा माणूस लागतो.

इथे मुलाली यांच्याविषयीही एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. मिसूरीची नोकरी संपल्यावर ते अनेक वर्षे अशा एका कंपनीत होते जी जुगाराची यंत्रे तपासून ती प्रामाणिक असल्याचा दाखला देते. कौटिल्याच्या द्यूताध्यक्षाने शुद्ध फासे पुरवावेत असे म्हटले आहे, तेच हे काम, फक्त तपासणीचे पैसे यंत्रे बनवणारे भरतात. ही काही चोरी नव्हे, जगभरची सरकारे अशा दाखल्यांवर चालतात. तरी आयोगातून कंपनीत आणि कंपनीतून पुन्हा प्राधिकरणात, हा रस्ता इतका गुळगुळीत झाला आहे की त्यावर चालणाऱ्याला कुठे सरकार संपले आणि कुठे धंदा सुरू झाला हे कळण्यासाठी थांबावे लागत नाही. न्यायाधीशाने निवृत्तीनंतर वकिली करावी की नाही याचे नियम आपण करतो. जुगाराच्या अधिकाऱ्याला तसा नियम का नसावा?

गोव्यात याहून सोपा मार्ग काढला गेला. १९७६ साली गोवा, दमण आणि दीवसाठी सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा झाला, १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी त्याला भोक पाडले, १९९६ मध्ये जहाजांसाठी ते मोठे केले. मांडवीत जहाजे लागली. त्यांच्यावर आयुक्त नेमायचा कायदाही झाला, पण खुर्ची पुढे कित्येक वर्षे रिकामीच. २०२० च्या आरंभी शेवटी आयुक्त मिळाला. राज्याच्या कर-आयुक्तालाच ती जबाबदारी दिली गेली, आणि गोवेकरांना स्वतःच्या नदीवरच्या कॅसिनोत जायला मनाई झाली. कर गोळा करणाऱ्याच्या हातीच लगाम! घोडा जितका धावेल तितका ज्याचा गल्ला भरतो, त्याने लगाम किती खेचायचा? अधिकारी व्यक्ती म्हणून कितीही सज्जन असो, खुर्चीच तशी बनवली आहे.

महाराष्ट्राची कथा उलटी. त्याच १९७६ साली, म्हणजे गोव्यात बंदीचा कायदा झाला त्याच वर्षी, मुंबईच्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देऊन कर घेण्याचा कायदा केला. तो कधी अंमलात आलाच नाही. ४७ वर्षे कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. दरम्यान गिरणगावात रतन खत्रीचा मटका जोरात होता, त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागली नाही. ज्याने बंदी घातली त्याने दारे उघडली, ज्याने दारे उघडली त्याने कुलूप काढलेच नाही. आपल्या पूर्वजांच्या मुलखातले हे राजकारण आहे, म्हणून थोडे हसू येते.

परत कतारकडे येऊ. मनूचा मार्ग धरणाऱ्यांचा एक फायदा मी मान्य करतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान नसले की पुष्कळ माणसे कधी खेळतच नाहीत. शहरात जाहिरात नाही, गल्लोगल्ली गाळे नाहीत, पगाराच्या दिवशी वाटेत कोणी हाक मारीत नाही. जे घर घडीला बसले आहे त्याच्यासाठी ही केवढी शांतता आहे, ते आपल्या गावातल्या बायकांना विचारा. परंतु आता दुकान कोपऱ्यावर नसते, खिशातल्या फोनमध्ये असते. क्रिकेटचा सामना मुंबईत, पैज घेणारा तिसऱ्याच कोठल्या बेटावर, आणि लावणारा दोह्यातल्या कामगारांच्या खोलीत, पलंगावर पडून. बंदी त्या पलंगापर्यंत पोचत नाही.

समजा, अशा एका घरी बायकोला कळले. गेले आठ महिने घरी पाठवायचे पैसे कमी होत गेले ते मित्राला उसने दिले म्हणून नव्हे, फोनवर गेले. तिने कोणाकडे जावे? पोलिसांकडे गेली तर नवरा गुन्हेगार ठरतो. नोकरी जाईल, तिच्याबरोबर राहण्याचा परवाना जाईल, आणि कर्ज तसेच राहील. मालकाला सांगितले तर तेच. मंडळात, मित्रांत सांगितले तर अब्रू गेली. म्हणून ती गप्प बसते आणि दागिना मोडते. अशा ठिकाणी बंदीचा कायदा, कितीही चांगल्या हेतूने केलेला असो, धंद्याच्याच उपयोगी पडतो, कारण हरणारा बोलू शकत नाही.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपन्यांना पैशाचे खेळ बंद करावे लागले. त्या कायद्याच्या गुणदोषांविषयी पुष्कळ बोलता येईल, पण एक गोष्ट त्यात शहाणपणाची आहे: खेळ पुरवणारा, त्याची जाहिरात करणारा, त्याचे पैसे फिरवणारा यांना शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. त्याला पीडित समजले आहे. एक प्राधिकरण नेमण्याची तरतूदही आहे. म्हणजे बंदी आणि खुर्ची एकत्र राहू शकतात. कतारला कोणी कॅसिनो उघडा म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण बंदी तशीच ठेवून, ज्याच्यापुढे हरणाऱ्याने किंवा त्याच्या बायकोने शिक्षेच्या भीतीशिवाय जाऊन बसावे असा एक अधिकारी नेमायला धर्म आड येतो असे मला वाटत नाही.

हे काम एका बेटाने करून दाखवले आहे, आणि ते बेट आपल्याहून लहान आहे. सिंगापूरने २०१० मध्ये दोन मोठी कॅसिनो उघडली, परदेशी प्रवाशांसाठी. स्वतःच्या नागरिकाला आत जायला २४ तासांसाठी १०० डॉलर भरावे लागत, २०१९ पासून ते १५० झाले. ज्याचे दिवाळे निघाले आहे किंवा जो सरकारी मदतीवर जगतो त्याला आपोआप बंदी. सही करून स्वतःला बाहेर ठेवण्याची मिसूरीसारखी सोय आहेच. पण सिंगापूर त्याच्याही पुढे गेले: नवरा, बायको, आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांपैकी कोणीही अर्ज करू शकते की आमच्या माणसाला आत घेऊ नका. अर्ज ऐकायला समिती बसते, ती दोन्ही बाजू ऐकते आणि मग आदेश काढते. व्यसनी माणसाच्या सहीची वाट पाहत घर जळत राहत नाही. ज्याला लाज वाटते म्हणून सही करवत नाही, त्याच्यासाठी आई सही करते. २०२२ मध्ये सिंगापूरने आपल्या कॅसिनो-प्राधिकरणाचे रूप बदलून सगळ्या प्रकारचा जुगार एकाच खुर्चीखाली आणला. त्या संस्थेचे इंग्रजी नाव आपल्या बेटावरच्या संस्थेचेच आहे.

आपली संस्था २००७ च्या कायद्याने झाली. शर्यती, बुकी, लोतो, कॅसिनो, जुगाराच्या यंत्रांपर्यंत सगळे तिच्या कक्षेत. २००९ मध्ये लोतो आला आणि आठवड्याचे आकडे दुकानदाराच्या काउंटरवर येऊन बसले. कॅसिनोत तर सरकार स्वतःच मालक आहे, आणि मालक व पंच एकाच घरचे असले की काय होते ते धृतराष्ट्राच्या सभेत आपण पाहिले. शर्यतींविषयी २०१५ मध्ये पॅरी आयोगाने धंद्यापासून आणि राजकारणापासून वेगळी अशी स्वतंत्र संस्था सुचवली होती. त्या वेळी वर्तमानपत्रांत पानेच्या पाने आली. तेव्हापासून प्राधिकरणाच्या खुर्चीवर कोण बसणार हा विषय आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीनंतर निघतो, आणि कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, कोणाचा मेव्हणा, एवढ्यावर संपतो. आपल्या समाजातला मुलगा तिथे गेला तर आपण टाळ्या वाजवू, दुसऱ्या समाजातला गेला तर नाक मुरडू. तिथे बसून त्याने काय केले, हे कोणी विचारीत नाही.

पुढच्या वेळी विचारावे. या माणसाने यापूर्वी कोणाच्या पैशावर काम केले? खुर्ची सोडल्यावर किती वर्षे तो या धंद्यात जाणार नाही असे लिहून देईल? आपल्या बेटावर सही करून स्वतःला बाहेर ठेवण्याची यादी कोणत्या कचेरीत मिळते हे गावच्या बैठकेत, सामाजिक केंद्रात, दवाखान्यात तो लावून देईल का? आणि आईच्या किंवा बायकोच्या अर्जावर आदेश काढण्याचा अधिकार तो संसदेकडे मागेल का? आपल्या भागाचा प्रतिनिधी मते मागायला अंगणात येतो तेव्हा हे प्रश्न त्यालाच विचारता येतात, त्यासाठी पोर्ट लुईला जावे लागत नाही.

यादी जन्मभराची असावी की ठराविक वर्षांची, यावर मतभेद होतील. मिसूरीने २०१२ पासून नियम सैल केला; पाच वर्षे झाल्यावर नाव काढून घेण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मभराची सही करायला माणूस घाबरतो, आणि घाबरला की सहीच करीत नाही, हे त्यामागचे एक कारण समजण्यासारखे आहे. आपल्या लहान बेटावर, जिथे प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो आणि यादीतले नाव बाजारात फुटण्याची भीती मोठी, तिथे पाच वर्षे पुरे आणि यादी गुप्त, एवढ्यावर सुरुवात करावी असे मला वाटते. नाव फोडणाऱ्या कारकुनाला मात्र दंड जबर असावा, बारा पणांहून बराच जास्त.